बास्केटबॉलमध्ये चेंडू ‘आउट’ केव्हा होतो? रेषा, शेवटचा स्पर्श आणि थ्रो-इन

शालेय सामन्यात पंचाची शिट्टी वाजते, चेंडू रेषेबाहेर घरंगळत असतो आणि दोन्ही संघांचे चार-पाच खेळाडू एकाच वेळी हात वर करून ओरडतात, “सर, आमचा बॉल!” हे दृश्य एका सामन्यात किमान पंधरा-वीस वेळा दिसते. गंमत अशी की ओरडणाऱ्यांपैकी बहुतेकांना चेंडू बाहेर गेला एवढेच दिसलेले असते. तो नेमका कशाला टेकल्यामुळे बाहेर ठरला आणि त्याआधी कोणाला लागला होता, हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. नियमाचा सगळा भर मात्र याच दोन गोष्टींवर आहे. चेंडू कुठे दिसतो याला बास्केटबॉलमध्ये महत्त्व नाही, तो कशाला टेकला याला आहे. हे सूत्र मनात पक्के ठेवले, तर वरवर किचकट वाटणारे प्रसंगही सोडवता येतात.

पुढील विवेचन ‘फिबा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांना धरून आहे, कारण भारतातील अधिकृत स्पर्धा याच नियमांनी खेळल्या जातात. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक लीगचे नियम काही ठिकाणी वेगळे आहेत. जिथे गोंधळ होण्याचा संभव आहे, तिथे तो फरक सांगितला आहे.

पहिली पायरी: रेषा कोणाची?

मैदान 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद असते आणि हे माप रेषेच्या आतल्या कडेपासून घेतात. म्हणजे 5 सेंटिमीटर रुंदीची ती रेषा पूर्णपणे मैदानाबाहेर पडते. लांबीच्या बाजूची ती साइडलाइन आणि बास्केटमागची ती एंडलाइन. आपल्याकडे बरेच जण हिला बेसलाइन म्हणतात. दोन्हींचा नियम एकच आहे: रेषेला स्पर्श म्हणजे बाहेर.

नवशिक्या मुलांना हे पचायला जड जाते, कारण त्यांनी आधी खेळलेले खेळ उलटे शिकवतात. व्हॉलीबॉलमध्ये रेषेला टेकलेला चेंडू आत धरतात, कबड्डीतही सीमारेषा मैदानाचाच भाग असते, आणि फुटबॉलमध्ये तर संपूर्ण चेंडूने संपूर्ण रेषा ओलांडल्याशिवाय तो बाहेर जात नाही. त्यामुळे मी मुलांना क्रिकेटचे उदाहरण देतो. सीमेवर झेल घेताना क्षेत्ररक्षकाचा बूट दोराला नुसता लागला तरी षटकार दिला जातो. बास्केटबॉलची रेषा त्या दोरासारखी आहे.

आपल्याकडच्या उघड्या सिमेंटच्या कोर्टांवर आणखी एक अडचण असते. त्याच जागेवर व्हॉलीबॉलच्या, कधी बॅडमिंटनच्याही रेषा मारलेल्या असतात आणि बास्केटबॉलच्या रेषेचा रंग निम्मा उडालेला असतो. अशा कोर्टावर सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना घेऊन एक फेरी मारावी आणि कोणती रेषा खरी, ती कुठे पुसली आहे आणि तिथे काय धरायचे, हे बोलून घ्यावे. या पाच मिनिटांनी पुढची बरीच भांडणे वाचतात.

दुसरी पायरी: खेळाडू बाहेर केव्हा?

खेळाडूच्या शरीराचा कोणताही भाग सीमारेषेवर किंवा तिच्याबाहेर जमिनीला अथवा एखाद्या वस्तूला टेकला, की तो खेळाडू बाहेर. यात एक महत्त्वाचा अपवाद आहे: ती ‘वस्तू’ म्हणजे दुसरा खेळाडू नव्हे. साइडलाइनलगत चेंडू घेऊन उभ्या असलेल्या खेळाडूची पाठ रेषेवर पाय ठेवून उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याला टेकली, तर काहीही घडलेले नसते आणि खेळ चालू राहतो. मात्र तीच पाठ रेषेबाहेरच्या खुर्चीला किंवा जाहिरातीच्या फलकाला टेकली, तर तो बाहेर गेला.

हवेतल्या खेळाडूचे काय? उडी मारलेला खेळाडू त्याने जमीन जिथून सोडली तिथलाच मानला जातो, नवी जागा त्याला जमिनीला पाय लागल्यावरच मिळते. आतून उडी मारून, रेषेच्या दीड मीटर पलीकडे हवेत तरंगत चेंडू पकडून, पाय टेकण्याआधी तो आत भिरकावणारा खेळाडू म्हणूनच पूर्णपणे नियमात असतो. याच्या उलट, रेषेबाहेरून उडी घेऊन मैदानाच्या वर हवेत चेंडूला हात लावणारा खेळाडू बाहेरचाच असतो, आणि त्याचा हात लागताच चेंडू आउट होतो, तोही त्याच्याच खात्यावर.

चेंडू वाचवताना बाहेर पडलेला खेळाडू परत येऊन पुन्हा खेळू शकतो का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. खेळू शकतो. त्यासाठी दोन्ही पाय आत टेकायला हवेत अशी समजूत अनेक प्रशिक्षकांचीही आहे, पण ती चुकीची आहे. एक पाय मैदानात टेकलेला असेल आणि दुसरा हवेत असेल, म्हणजे शरीराचा कोणताही भाग रेषेला किंवा बाहेर टेकलेला नसेल, तर तो आत आला. दोन पायांची समजूत बहुधा मध्यरेषेच्या नियमातून इकडे शिरली असावी. ड्रिबल करत, म्हणजे चेंडूला टप्पे देत, मागच्या (आपल्या बास्केटकडच्या) अर्ध्यातून पुढच्या अर्ध्यात जाताना चेंडू आणि दोन्ही पाय असे तिन्ही पलीकडे टेकावे लागतात. तो नियम मध्यरेषेचा आहे, सीमारेषेला लागू नाही.

या पायरीचा सर्वांत मोठा फटका कोपऱ्यात बसतो. तीन गुणांची रेषा कोपऱ्यात साइडलाइनला समांतर धावते आणि दोहोंमध्ये फक्त 90 सेंटिमीटर जागा उरते. मोठ्या खेळाडूचा बूट साधारण 30 सेंटिमीटर लांब असतो. पास घेण्यासाठी तो एक पाऊल मागे सरकतो, चेंडू हातात येतो आणि त्याच क्षणी टाच रेषेवर टेकते. त्याची नजर बास्केटकडे असल्यामुळे त्याला काही कळत नाही, पण साइडलाइनवर वाकून पायाकडे पाहणाऱ्या पंचाला टाच आणि रेषा यांच्यामधली फट नाहीशी झालेली दिसते. कोपऱ्यातून नेम धरणाऱ्या मुलांकडून मी चेंडूशिवाय सराव करून घेतो. डोळे बास्केटवर ठेवून धावत यायचे, थांबायचे आणि मग खाली पाहायचे. पहिल्या आठवड्यात निम्म्या वेळा टाच रेषेवर सापडते.

तिसरी पायरी: चेंडू बाहेर केव्हा?

हवेतला चेंडू कधीही आउट नसतो. रेषेच्या पलीकडे दोन मीटर हवेत गेलेला चेंडूही जिवंत असतो, जोवर तो कशाला टेकत नाही. तो आउट ठरतो तीन प्रकारांनी: बाहेर असलेल्या खेळाडूला किंवा अन्य व्यक्तीला टेकल्यास, रेषेवर वा रेषेबाहेर जमिनीला किंवा वस्तूला टेकल्यास, आणि बॅकबोर्डचा (बास्केटमागच्या फळीचा) आधार, बोर्डची मागची बाजू किंवा मैदानाच्या वर असलेल्या एखाद्या वस्तूला टेकल्यास.

बोर्डची समोरची बाजू आणि त्याच्या चारही कडा खेळात असतात. फक्त मागची बाजू आणि ज्यावर बोर्ड उभा आहे तो सांगाडा बाहेरचा. चेंडू बोर्डच्या वरच्या कडेवर आदळून परत आत आला, तर शिट्टी वाजवायची नसते. एनबीएमध्ये चेंडू बोर्डच्या थेट मागून गेला, तरी तो आउट धरतात. फिबाच्या यादीत मात्र स्पर्शच लागतो. दूरचित्रवाणीवर पाहून आलेली मुले इथे पंचाशी हुज्जत घालतात.

‘मैदानाच्या वर असलेली वस्तू’ म्हणजे बंद सभागृहात छताची तुळई, दिवा किंवा पंखा. उघड्या कोर्टावर हा नियम झाडांना लागतो. कोपऱ्यावर वाकलेल्या कडुलिंबाच्या फांदीला चेंडू लागला, तर नियमाच्या शब्दाप्रमाणे तो आउट आहे, मग फांदी रेषेच्या कितीही आत असो. काही ठिकाणी फांदीला ‘चालू’ धरण्याचा स्थानिक रिवाज असतो. मैत्रीच्या सामन्यात त्याला हरकत नाही, मात्र तो आधी ठरलेला असावा.

पंचाच्या अंगाला चेंडू लागला तर? पंच जिथे उभा आहे, तिथल्या जमिनीला चेंडू लागला असे समजायचे. तो मैदानात उभा असेल तर खेळ चालू राहील आणि त्याचा पाय रेषेवर असेल तर चेंडू आउट होईल.

चौथी पायरी: चेंडू कोणाला?

1891 साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ रचला आणि 1892 च्या जानेवारीत त्याचे 13 नियम छापले गेले. त्यातील नवव्या नियमानुसार, बाहेर गेलेल्या चेंडूला जो प्रथम हात लावेल त्याने तो आत टाकायचा होता. परिणाम काय झाला असेल, याची कल्पना करता येते: चेंडू बाहेर पडताच दोन्ही संघ त्याच्यामागे धावत आणि खरी झटापट रेषेबाहेरच रंगे. जुन्या काळी काही व्यावसायिक सामने तर मैदानाभोवती तारेची जाळी उभारून खेळले जात, म्हणजे चेंडू बाहेर जाण्याचा प्रश्नच नको. इंग्रजी वृत्तपत्रांत बास्केटबॉलपटूंना ‘केजर्स’ म्हणण्याची रीत त्या पिंजऱ्यातूनच आली. पुढे पहिल्या हाताचा नियम जाऊन शेवटच्या हाताचा नियम आला. नेस्मिथ यांनी चेंडू आत टाकण्यासाठी दिलेले पाच सेकंद मात्र आजही तसेच आहेत.

आजचा नियम असा: चेंडू बाहेर जाण्यापूर्वी तो शेवटी ज्या खेळाडूला लागला किंवा ज्याने त्याला शेवटी स्पर्श केला, त्याने तो बाहेर घालवला, आणि चेंडू त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना मिळतो. स्पर्श मुद्दाम झाला की नकळत, हाताला की पोटरीला, याचा काहीही संबंध नाही. रेषेबाहेर झेप घेतलेला चतुर खेळाडू म्हणूनच चेंडू आत फेकताना जवळच्या प्रतिस्पर्ध्याच्या पायावर मारतो. तिथून उडून चेंडू बाहेर गेला की तो पुन्हा याच्याच संघाला मिळतो. हे नियमात बसते. चेंडू तोंडावर किंवा इजा होईल अशा रीतीने मारला, तर मात्र पंच त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतील.

याला एक पोटनियम आहे आणि तो विसरला जातो: रेषेवर किंवा रेषेबाहेर असलेल्या खेळाडूला चेंडू लागल्यामुळे तो आउट झाला, तर तो त्याच खेळाडूने बाहेर घालवला असे धरतात. म्हणजे तुमचा पास रेषेवर पाय ठेवून उभ्या असलेल्या बचावपटूच्या हाताला लागला, तर चेंडू तुमचाच.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. पंचगिरीच्या पहिल्याच वर्षी एका आंतरशालेय सामन्यात पांढऱ्या संघाचा खेळाडू गुणलेखकांच्या टेबलाजवळून ड्रिबल करत चालला होता. टेबलाशेजारी निळ्या संघाचा बदली खेळाडू आत येण्याची वाट पाहत गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. चेंडू त्याच्या गुडघ्यावर आपटून पुन्हा ड्रिबल करणाऱ्याच्या हातात गेला. मी शिट्टी वाजवली आणि निळ्याला लागला म्हणून चेंडू पांढऱ्याला दिला. निळ्यांच्या प्रशिक्षकांनी काही न बोलता फक्त भुवया उंचावल्या. मध्यंतरात माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “अरे, तो बदली खेळाडू म्हणजे खेळात असलेला खेळाडू आहे का?” तो नव्हताच. तो बाहेर बसलेली एक व्यक्ती होता, नियमाच्या दृष्टीने खुर्चीपेक्षा निराळा नव्हे. चेंडू त्याला लागताच आउट झाला होता आणि शेवटचा स्पर्श ड्रिबल करणाऱ्या पांढऱ्याचा होता, म्हणून चेंडू निळ्यांना जायला हवा होता. शेवटचा स्पर्श मोजायचा तो खेळणाऱ्या दहा जणांचाच.

दोघांनी एकदम चेंडूला हात लावला, किंवा पंचांना शेवटचा स्पर्श दिसलाच नाही, किंवा दोन पंचांत मतभेद झाला, तर ती जंप बॉलची, म्हणजे पंचाने वर उडवलेल्या चेंडूसाठी दोन खेळाडूंनी उडी मारण्याची, परिस्थिती असते. फिबामध्ये मात्र प्रत्यक्ष उडी सामन्याच्या सुरुवातीलाच होते. नंतर टेबलावरचा बाण ज्या दिशेला असेल त्या संघाला चेंडू मिळतो आणि थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकणे, झाल्यावर बाण उलटतो. एनबीएमध्ये अशा वेळी खरोखर चेंडू वर उडवतात. चेंडूची ओढाओढ करताना दोन खेळाडू रेषेबाहेर गेले, तरी निकाल बाणानेच लागतो.

सर्वांत अवघड निर्णय बोटांच्या टोकांचा. बचावपटू हातातल्या चेंडूवर थाप मारतो आणि चेंडू साइडलाइनबाहेर जातो. उघड्या डोळ्यांना फटका दिसतो, म्हणून पंचाचे बोट सहसा फटका मारणाऱ्याच्या विरोधात जाते. पण थापेनंतर चेंडू निसटताना ज्याच्या हातात होता त्याच्याच बोटांना घासून गेलेला असू शकतो, आणि तसे असेल तर शेवटचा स्पर्श त्याचा. मोठ्या सामन्यांत हे व्हिडिओत सापडते. जिथे ती सोय आहे, तिथे फिबाच्या नियमांनुसार चौथ्या क्वार्टरच्या किंवा जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू कोणी बाहेर घालवला हे पंच चित्रफितीवर तपासू शकतात. एनबीएने 2019-20 च्या मोसमापासून प्रशिक्षकांना निर्णयावर आव्हान देण्याची मुभा दिली, त्यात आउटचे निर्णयही येतात. आपल्या शालेय मैदानावर कॅमेरा नसतो. तिथे पंचाने लगेच आणि ठामपणे दिशा दाखवावी, आणि खरोखर दिसले नसेल तर सहकाऱ्याकडे पाहावे. ओरडणाऱ्या खेळाडूंच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधू नये.

पाचवी पायरी: चेंडू आत कसा आणायचा?

पंच उघडा तळहात वर करून घड्याळ थांबवतात, मग बोटाने खेळाची दिशा दाखवतात. वर गेलेली मूठ म्हणजे फाउल, उघडा हात म्हणजे नियमभंग, एवढा फरक प्रेक्षकांनीही लक्षात ठेवावा. चेंडू जिथून बाहेर गेला त्याच्या सर्वांत जवळच्या जागेवरून थ्रो-इन होतो, पण थेट बोर्डच्या मागून नाही. तशी जागा आली तर पंच ती बाजूला सरकवतात.

पंचाने चेंडू हातात दिल्यापासून पाच सेकंद. दाखवलेल्या जागेपासून आडवे सरकण्याची मुभा एकूण एक मीटरची, म्हणजे जेमतेम दीड पावलाची. डावीकडे अर्धा मीटर सरकलात तर उजवीकडे पुन्हा पूर्ण मीटर मिळत नाही. सरळ मागे मात्र जागा असेल तितके जाता येते, आणि बचावपटू नाकासमोर हात नाचवत असेल तेव्हा एक-दोन पावले मागे जाणे हाच उत्तम उपाय आहे. आश्चर्य म्हणजे हे मुलांना कोणी सांगत नाही. ती रेषेला चिकटून उभी राहतात आणि पाच सेकंद घालवतात.

चेंडू हातात असताना मैदानात पाय टाकणे, सोडलेला चेंडू कोणालाही न लागता दुसऱ्या बाजूने बाहेर जाणे, तो थेट बास्केटमध्ये पडणे, किंवा आत टाकलेल्या चेंडूला दुसऱ्या कोणाचाही स्पर्श होण्याआधी स्वतःच हात लावणे हे सगळे नियमभंग आहेत. त्यांची शिक्षा एकच आहे: त्याच मूळ जागेवरून प्रतिपक्षाला थ्रो-इन. चेंडू 15 मीटर पलीकडे जाऊन बाहेर पडला, तरी तो परत इथेच येतो. स्वतःच्या बास्केटखालून घाईने लांब पास भिरकावणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. चेंडू मध्ये एखाद्याच्या बोटाला लागला असेल, तर मात्र नेहमीचा शेवटच्या स्पर्शाचा नियम लागू होतो.

याच कलमातून एक जुनी युक्ती निघते. समोरचा बचावपटू पाठ करून उभा असेल, तर चेंडू हळूच त्याच्या पाठीवर टाकायचा, रेषेच्या आत पाऊल ठेवायचे आणि उसळून आलेला चेंडू आपणच घ्यायचा. दुसऱ्या खेळाडूचा स्पर्श झालेला असल्याने हे वैध आहे. मुंबईत नागपाड्यासारख्या ठिकाणी, जिथे गल्लीतली पोरे बास्केटबॉलवरच वाढतात, थ्रो-इनकडे पाठ करण्याची चूक फार काळ टिकत नाही.

गुण झाल्यानंतरचा थ्रो-इन निराळा असतो. तिथे एंडलाइनमागे हवे तितके आडवे धावता येते, मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे पासही देता येतो, फक्त पाच सेकंद पहिल्याच्या हाती चेंडू आल्यापासून मोजले जातात.

बचावपटूंनी शरीराचा कोणताही भाग रेषेच्या पलीकडे नेता कामा नये. रेषेमागे दोन मीटरहून कमी जागा असेल, आणि आपल्या बहुतेक शालेय कोर्टांवर भिंत किंवा कुंपण असतेच, तर त्यांनी थ्रो-इन करणाऱ्यापासून एक मीटर दूर राहायला हवे. शेवटच्या दोन मिनिटांत पंच चेंडू देण्याआधी रेषा न ओलांडण्याची ताकीद खुणेने देतात आणि त्यानंतरही हात पलीकडे गेला तर थेट तांत्रिक फाउल देतात. अटीतटीच्या सामन्यात त्यातून प्रतिपक्षाला मिळणारा फ्री थ्रो, म्हणजे बचावाविना बास्केटवर नेम धरण्याची संधी, महागात पडतो.

शेवटी घड्याळे. चेंडू बाहेर गेला आणि ज्यांच्या ताब्यात होता त्यांनाच परत मिळाला, तर शॉट क्लॉक, म्हणजे आक्रमक संघाला नेम धरण्यासाठी मिळणाऱ्या 24 सेकंदांचे घड्याळ, थांबला होता तिथून पुढे चालतो. उरलेल्या चार सेकंदांचे पुन्हा 24 होत नाहीत, आणि मागच्या अर्ध्यातून चेंडू पुढे नेण्याचे आठ सेकंदही तसेच पुढे मोजले जातात. चेंडू प्रतिपक्षाला गेला, तर थ्रो-इन त्यांच्या मागच्या अर्ध्यात असल्यास 24 आणि पुढच्या अर्ध्यात असल्यास 14 सेकंद मिळतात. म्हणून शॉट क्लॉकवर दोन-तीन सेकंद उरलेले असताना बचावपटूने चेंडू पकडण्याचा हट्ट न धरता तो सरळ बाहेर टोलवला, तरी त्याचे काम बरेचसे झालेले असते: चेंडू आक्रमकांचाच राहतो, पण त्यांना थ्रो-इन करून तेवढ्याच दोन-तीन सेकंदांत नेम धरावा लागतो.